तापमानाच्या नकाशाखाली चार ओळी हव्यातच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उष्णतेची लाट आली की ‘आजवरचे सर्वाधिक तापमान’ दाखवणारे लाल-जांभळे नकाशे छापून येतात. हवामानाच्या नोंदी तपासून नकाशे काढणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: अशा नकाशात अनेकदा उष्णतेपेक्षा नोंदवहीचे वयच जास्त दिसते.

समजा, एका केंद्राकडे 100 वर्षांच्या नोंदी आहेत आणि शेजारच्या केंद्राकडे 20 वर्षांच्या. दोन्हीकडचे हवामान अगदी सारखे असले, तरी जुन्या केंद्राचा उच्चांक बहुधा वरचाच निघणार, कारण विक्रमी दिवस सापडायची संधी त्याला पाचपट मिळाली. हे दोन्ही आकडे एकाच नकाशात रंगवले की जुन्या केंद्राभोवती लाल वर्तुळ उमटते आणि वाचक समजतो की तो भाग जास्त तापतो. म्हणून सगळ्या केंद्रांसाठी एकच कालखंड धरायचा, सध्या 1991 ते 2020. जागतिक हवामान संघटनेच्या निकषांनुसार 30 पैकी किमान 24 वर्षांच्या नोंदी हव्यात. महिन्यात 11 किंवा अधिक दिवस, अथवा सलग 5 दिवस नोंद नसेल, तर त्या महिन्याची सरासरी काढत नाहीत. उच्चांकाच्या बाबतीत तर याहून कडक राहावे लागते. चार दिवस गहाळ झाले तर महिन्याची सरासरी फारशी हलत नाही, पण तेच चार दिवस लाटेचे असतील तर उच्चांक कित्येक अंशांनी खाली येतो.

खरे तर एकट्या उच्चांकाचा नकाशा काढूच नये. प्रत्येक तारखेसाठी ती तारीख आणि मागचे-पुढचे दोन-दोन दिवस घेतले, की 30 वर्षांतून 150 आकडे मिळतात. त्यातल्या सर्वांत उष्ण दहा टक्क्यांची सीमा कुठे पडते ते पाहावे आणि ती सीमा वर्षात किती दिवस ओलांडली गेली याचा नकाशा काढावा. दुसरा मार्ग म्हणजे दरवर्षीचा एक कमाल आकडा घेऊन ‘सरासरी 20 वर्षांतून एकदा गाठले जाणारे तापमान’ काढणे. हे दोन्ही नकाशे एखाद्या चुकीच्या नोंदीने सहसा कोलमडत नाहीत.

चुकीची नोंद किती काळ टिकू शकते, याचे उदाहरण लिबियातल्या अल अझिझियाचे आहे. तिथे 13 सप्टेंबर 1922 रोजी नोंदलेले 58 अंश जवळजवळ 90 वर्षे जागतिक उच्चांक म्हणून छापले जात होते. 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. तापमापीतल्या सरकत्या खुणेचे खालचे टोक वाचायचे असते. नवख्या निरीक्षकाने बहुधा वरचे वाचले, आणि त्या खुणेची लांबी सुमारे 7 अंशांएवढी होती.

सरासरीच्या नकाशातही खोट शिरते, पण वेगळ्या वाटेने. कमाल तापमापी रोज संध्याकाळी 5 वाजता वाचून पूर्ववत केली जाते असे धरा. त्या वेळी हवा अजून 39 अंशांवर आहे आणि दुसऱ्या दिवशी पारा 34 च्या वर जात नाही. तरी दुसऱ्या दिवसाच्या खात्यात 39 च पडतात, म्हणजे एकच तापलेली दुपार दोनदा मोजली जाते. शेजारचे केंद्र सकाळी वाचन करत असेल, तर नकाशावर दोघांत जो फरक दिसतो तो हवेचा नसतो, घड्याळाचा असतो.

दोन केंद्रांमधली मोकळी जागा भरताना डोंगर विसरणे ही तर नेहमीचीच चूक. 200 मीटर उंचीवरच्या दोन केंद्रांची सरासरी 30 अंश असेल, तर नुसत्या अंतरावरून आकडा भरणारी आज्ञावली मधल्या 1200 मीटरच्या कड्यावरही 30 च लिहिते. दर किलोमीटरला साधारण 6.5 अंश घट धरली, तर तिथे 23.5 च्या आसपास हवेत. रात्रीच्या किमान तापमानाला मात्र हा हिशेब लावू नये. शांत, निरभ्र रात्री थंड जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते आणि दरीचा तळ वरच्या उतारापेक्षा गार होतो. म्हणून कमाल आणि किमान तापमानाचे नकाशे वेगवेगळे काढून, प्रत्येक केंद्र आळीपाळीने वगळून तिथला अंदाज खऱ्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे की प्रत्येक नकाशाखाली चार ओळी छापाव्यात. तापमान हवेचे की जमिनीचे, ही पहिली. हवेचे तापमान सावलीतल्या, हवेशीर पेटीत जमिनीपासून 1.25 ते 2 मीटरवर मोजतात. उपग्रह जमिनीचा पृष्ठभाग पाहतो आणि भर दुपारी उघडी, कोरडी माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. दुसरी ओळ कालखंडाची, तिसरी केंद्रांच्या संख्येची आणि आकडे भरण्याच्या पद्धतीची. चौथी रंगपट्टीची: कोणता रंग किती अंशांना, आणि तो दरवर्षी तोच. मागच्या वर्षी 40 ला लाल आणि यंदा 38 ला लाल, असे झाले तर दोन नकाशे शेजारी ठेवताच येत नाहीत. जिथे जवळपास केंद्रच नाही, तो भाग राखाडी सोडावा.

आपले,
हवामान नोंदींचे काम करणारे काही वाचक