ओझोनचे मोजमाप द्राक्षपट्ट्यातही व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या हवेची चर्चा बहुधा धुळीपाशी सुरू होते आणि धुळीपाशीच संपते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपले शहर आहे, पण त्याचाही भर धूलिकणांवरच आहे. जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे श्वासाला आणि पिकाला घातक ठरणारा वायू, मात्र कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधन, रंग, द्रावके यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो हवेतच तयार होतो. त्यामुळे तो दुपारी वाढतो आणि वर्दळीच्या चौकात उलट कमी आढळतो, कारण गाड्यांच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला जागच्या जागी संपवतो. तेव्हा चौकातल्या यंत्राच्या आकड्यावरून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्याची हवा ठरवता येणार नाही.

किनाऱ्यावर हे गणित आणखी अवघड होते. रात्रीचे मतलई वारे शहराचे प्रदूषण समुद्रावर नेतात, उन्हात तिथे ओझोन बनतो, पाण्याचा पृष्ठभाग तो फारसा शोषून घेत नाही आणि दुपारचे खारे वारे तोच परत आणतात. म्हणून वाऱ्याची वेळ चुकली की ओझोनचा अंदाजही चुकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाने मुंबईसाठी २०१५ पासून असे अंदाज दिले. मुंबई-ठाण्याची हवा कसारा घाट चढून आपल्याकडे कधी आणि किती येते, हे तपासायचे तर घाटमाथ्यावर व द्राक्षपट्ट्यात ओझोनची यंत्रे हवीत.

द्राक्षवेल ओझोनला संवेदनशील आहे. तिच्या पानांवर वरच्या बाजूने उठणारे बारीक काळपट ठिपके कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९५८ मध्येच ओझोनशी जोडले होते. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या वाढवण्यासाठी वेल मागे छाटल्यावर) नवी पालवी वाढते आणि काडीत पुढच्या हंगामाचे सूक्ष्मघड घडतात, ते नेमके कडक उन्हाच्या दिवसांत. हे ठिपके रोग समजून फवारणी झाली, तर खर्च आणि औषध दोन्ही वाया जाते.

आपले राष्ट्रीय मानक आठ तासांच्या सरासरीला प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासासाठी १८० आहे. हवा गुणवत्ता निर्देशांक सर्वांत वाईट घटकावरून ठरत असल्याने धुळीच्या दिवशी ओझोन त्यात झाकला जातो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने ओझोनचे तासागणिक आकडे स्वतंत्रपणे जाहीर करावेत आणि मार्च ते मे या काळात दुसऱ्या दिवशीचा अंदाज आदल्या संध्याकाळी द्यावा, म्हणजे दम्याचे रुग्ण, शाळा आणि बागेत राबणारे मजूर यांना दुपारची कामे सकाळी उरकता येतील.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, नाशिक