आवाहन : मृगाच्या आत डीप फ्रीझर हवा

सर्व सभासद, हितचिंतक, माजी विद्यार्थी आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालेल्या सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहितो आहे. असलं शुद्धलेखन आपल्या विज्ञानाच्या गुरुजींच्या हयातीत खपलं नसतं. आता तुम्ही चालवून घ्या.

इथल्या पोरांच्या संशोधनाला हातभार लावणाऱ्या आपल्या हिंगोलीच्या मंडळाचा, वाचनालयामागच्या खोलीतला नमुन्यांचा डीप फ्रीझर गेल्या मंगळवारी रात्री बंद पडला. त्या रात्री लाईट तीनदा गेली आणि शेवटी आली ती अशी आली की शेजारचं झेरॉक्स मशीन आणि आपला कॉम्प्रेसर दोन्ही घेऊन गेली. मेकॅनिकनं झाकण उघडून पाहिलं आणि हात झटकले. "साहेब, याच्यावर आता पैसा घालू नका." सकाळी खोली उघडणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला आत पाणी सुटलेलं दिसलं, तेव्हा तिनं मला फोन केला, ती रडत होती की ओरडत होती हे मला नीट कळलं नाही. तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणायच्या, फोडायच्या, मीठ घालायचं आणि थर्माकोलच्या पेट्यांत नमुने दाबून ठेवायचे, असं चाललं आहे. दिवसाला दोन खेपा. बाहेर ४२ अंश. असं फार दिवस चालणार नाही.

त्या फ्रीझरमध्ये असं काय आहे, हे काही सभासदांनी विचारलं. एकानं तर 'आइस्क्रीम का?' असं विचारलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरच्या कप्प्यात मागच्या श्रावण-भादव्यातली हळद आहे. वसमत आणि कळमनुरीकडच्या शेतांतले कुजलेले कंद आणि त्यांच्या मुळाजवळची माती. कंदकूज म्हणजे काय ते हिंगोलीकरांना मी सांगायला नको. पानं कडेनं पिवळी पडतात, खोड धरून ओढलं की सहज हातात येतं आणि कंदाला घाण वास सुटतो. आता यात आधी कंदमाशी येते आणि मग कूज लागते, की कूज आधी आणि तिच्या वासावर माशी? बांधावर या प्रश्नावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. आपली विद्यार्थिनी, विष्णुपुरीला विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते, ती हेच शोधते आहे. एकाच वाफ्यातलं निरोगी झाड आणि कुजलेलं झाड शेजारी शेजारी उपटायचं, दोन्हीकडच्या मातीतून डीएनए काढायचा आणि कूज आणणारे पिथियमसारखे बुरशीवजा जीव कुठे किती, त्यांना मारणारी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी टिकली की मेली, हे बघायचं. माती विरघळून पुन्हा गोठली की आतलं गणित बिघडतं. नमुने गेले तर नवे आणायला पुन्हा भादवा उजाडायची वाट बघावी लागेल. तिच्या घरी लग्नाची बोलणी वर्षभर थांबवून ठेवलेली आहेत, हेही जाता जाता सांगतो. रागावेल ती.

खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांतल्या शाळकरी लेकरांच्या लघवीचे नमुने. हसू नका. बोअरच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी लेकरांच्या दातांवर खडूसारखे, मग तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की माणसाची कंबर वाकेनाशी होते. दात तपासायचं काम वैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या एका डॉक्टर मुलाकडे आहे. पाणी मोजायचं आणि घरगुती गाळणी चालते का बघायचं काम अभियांत्रिकीच्या मुलाकडे. पाण्यातलं फ्लोराईड काढायची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत पुस्तकात चांगली आहे, पण रोज सकाळी मापानं तुरटी टाकून तास-दीड तास पाणी निवळत ठेवायला निंदणीला निघालेल्या बाईला वेळ कुठून? चार दिवस टाकते आणि सोडून देते. मग शरीरात फ्लोराईड खरंच कमी झालं का, हे त्या बाटल्याच सांगणार. आणि बाटली प्लास्टिकचीच लागते, काचेला फ्लोराईड चिकटतं. हे कळेपर्यंत आपण काचेच्या बाटल्यांवर पैसे घालवून बसलो होतो. ती चूक माझी. नमुने महाविद्यालयाच्या नीती समितीच्या परवानगीनं घेतलेले आहेत, बाटल्यांवर नावं नाहीत, क्रमांक आहेत. परवानगीचं पत्र दारावर चिकटवलं आहे.

विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालय, तिन्ही विष्णुपुरीलाच. तरी या तीन मुलांची पहिली भेट हिंगोलीत, आपल्या त्या गळक्या खोलीत झाली. मंडळानं काय केलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

आता थोडं मागचं. नव्या सभासदांना माहीत नाही आणि जुन्यांना पुन्हा ऐकायला आवडतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपलेली. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडून भाकरी घेऊन जे टेंपो गेले, त्यातल्या एकात आपले विज्ञानाचे गुरुजी होते. सास्तूरला त्यांनी दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद लेकरांवर बसलेलं पाहिलं, आणि त्याच गल्लीत कुडाची झोपडी उभी पाहिली. परत आल्यावर त्यांनी चावडीत नकाशा लावला. भूकंपाच्या सरकारी नकाशात तो भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. "नकाशा चुकला, कारण इथली जमीन कुणी विचारलीच नाही," असं ते म्हणाले. पुढे किल्लारीला खोल भोक घेतलं गेलं, काळा पाषाण ३३८ मीटरवर संपून खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला, तेव्हा गुरुजींनी पेपरचं ते कात्रण शाळेच्या फळ्यावर आठ दिवस ठेवलं होतं. इथल्या जमिनीचा अभ्यास इथल्या पोरांनी करायचा आणि त्यांच्या एसटीच्या तिकिटाला, बाटलीला, तपासणीच्या फीला गावानं हातभार लावायचा, या एका गोष्टीसाठी मंडळ निघालं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ झालं, त्या दिवशी गुरुजींनी पदरचे पेढे वाटले. त्यांच्याकडून पेढा मिळाल्याची गावात तेवढीच एक नोंद आहे.

२१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी आपण सगळे अंगणात पळालो ते आठवा. ४.५ चा धक्का, मागून आणखी एक. पुन्हा १० जुलैला. वसमत-औंढ्याकडची काही गावं तर जमिनीतला गडगडाट कित्येक वर्षं ऐकत आली आहेत. त्या दोन्ही वेळी आपली भूशास्त्राची विद्यार्थिनी भावाच्या मोटारसायकलवर घरोघर फिरली. कुठल्या फळीवरचं भांडं पडलं, कुठल्या दिशेला पडलं, भिंतीची चीर नवी की जुनी. चिरांवर तिनं प्लास्टरनं काचेच्या पट्ट्या बसवल्या. चीर सरकली की काच तडकते. खर्च नगण्य, पण तोही देणारं खातं कुठे नव्हतं. पेट्रोल मंडळानं दिलं.

आपल्या मातीतून काय होतं याचं उदाहरण गुरुजी नेहमी एकच द्यायचे. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, विंचू चावलेल्या रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करणारा माणूस. लाल विंचवाच्या विषानं हृदय आणि फुफ्फुस कसं जातं ते त्यांनी पाहिलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ ला पद्मश्री. हाताशी होतं काय, तर वही, नाडी, रक्तदाबाचं यंत्र आणि न झोपायची तयारी. आपल्या डॉक्टर मुलानं विंचूदंशाची नोंदवही ठेवली आहे ती याच माणसाचं बघून. चावल्यापासून दवाखान्यात यायला किती तास लागले आणि मधे कुणी काय बांधलं, काय चोळलं, एवढंच तो लिहितो. वाचवत नाही.

देणगीदारांचे उपकार कसे सांगू? मोंढ्यातले आडतवाले काका, ज्यांनी पहिला फ्रीझर दिला आणि 'नाव लावलंत तर परत नेईन' असा दम दिला, म्हणून नाव लिहीत नाही. पण आपण सगळे ओळखतो. गेल्या दिवाळीत ते गेले. फ्रीझर बंद पडला तेव्हा मला आधी त्यांचाच चेहरा दिसला. सराफ्यातल्या काकू, यजमानांच्या वर्षश्राद्धाचं जेवण साधं करून उरलेले पैसे दर वर्षी मंडळाला आणून देतात आणि वर 'त्या हळदवाल्या पोरीला डबा मिळतो का?' असं विचारतात. निवृत्त कंडक्टर भाऊ, ज्यांनी नमुन्यांच्या पेट्या नांदेडच्या गाडीत किती वर्षं सांभाळून नेल्या! एकदा 'यात काय आहे' म्हणून एका प्रवाशानं विचारलं, तर म्हणाले, "माती आहे, पण सोन्याच्या भावाची." झेरॉक्सवाल्यानं पाच प्रबंध निम्म्या दरात काढून दिले, आणि त्याचंच मशीन या वेळी जळालं. यांच्यापुढे सचिव म्हणून मी काय बोलणार.

आणि ज्यांनी दिलं नाही, त्यांच्याविषयी बोलू नये असं कार्यकारिणीत ठरलं आहे. मी मतदानात हरलो. तरी दोन शब्द लिहितोच. मागच्या दसऱ्याला रामलीला मैदानावर आपण टेबल टाकून दहा दिवस बसलो. आकाशपाळण्याला रांग, भज्यांना रांग. आपल्या डब्यात निघाले ते मोजायला पाच मिनिटं पुरली. एका सत्काराच्या कार्यक्रमात एका मान्यवरांनी माईकवरून मंडळाला मोठी रक्कम जाहीर केली, टाळ्या झाल्या, पेपरात आलं. त्यांच्याकडे मी चौदा चकरा मारल्या, आता चहासुद्धा मिळत नाही. ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे आणि जोडलेले हात ढिगानं येतात. जोडलेल्या हातांना खिसा सापडत नसावा.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, येणार म्हणून आपण सगळे छाती पुढे काढून सांगतो, मीही सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून बारीक थरथर पकडणारं यंत्र! त्यानंतर मंडळाकडे जमिनीचा भाव विचारायला कितीतरी लोक येऊन गेले. गुरुत्वीय लहर म्हणजे काय, हे विचारायला आली ती आठवीतली एक पोरगी. तिला आपण वाचनालयाचं कार्ड काढून दिलं आहे. उद्या ती विष्णुपुरीला गेली तर तिच्याही पेट्या कुठेतरी ठेवाव्या लागतील.

फेलोशिप असते ना मग, असं काही जण म्हणतात. असते. पण येते तेव्हा येते, आणि तोवर नमुना थांबत नाही. विभागाचे फ्रीझर आधीच भरलेले आहेत.

व्यवहाराचं थोडक्यात, कारण पानाची जागा संपत आली : नवा फ्रीझर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर व बॅटरी मिळून ७५,०००, डीएनए व पाणी-तपासणी फी ७०,०००, प्रवास, बाटल्या, काचपट्ट्या, झेरॉक्स २५,०००, एकूण १,७०,००० रु. शिल्लक ३८,४००, म्हणजे कमी १,३१,६००. खाते क्रमांक जुन्या पावतीच्या मागे व वाचनालयाच्या फलकावर आहे (तोच आहे, बदललेला नाही). क्यूआर कोड खजिनदारांकडे. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय हलू नये. करसवलतीची नोंदणी झालेली नाही, त्यामुळे सवलत मिळणार नाही, आधीच सांगतो. पैसे नसतील तर चालू स्थितीतला जुना फ्रीझर, इन्व्हर्टर किंवा नांदेडला जाणाऱ्या गाडीत पेटीपुरती जागाही चालेल. मुदत ७ जून. हळदीची पट्टी हातात आलेल्यांनी मृगाच्या पेरणीत पैसे अडकायच्या आत यावं. खोली रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडी; रविवारी हिशेबाची वही कुणीही बघू शकतो, अजून कुणी बघितलेली नाही.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीनं)

ता.क. : पत्र टाकायला निघालो तेवढ्यात बर्फाच्या कारखान्याच्या मालकांचा निरोप आला, या आठवड्याच्या लाद्यांचे पैसे नकोत म्हणून. त्यांच्या नावानं पहिली पावती फाडली आहे. दुसरी कोरी आहे.