उसाची नोंद आणि आइन्स्टाइन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल घेऊन बांधावरून फिरत, जीपीएसने (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ओळखणाऱ्या यंत्रणेने) आमच्या उसाची नोंद झाली. यात आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद, म्हणजे वेग आणि गुरुत्वाकर्षणाने घड्याळाची गती बदलते हा सिद्धांत, लागतो म्हटल्यावर ‘सापेक्षतावाद शेतात कशाला?’ असे चिरंजीवांनी विचारले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहांची घड्याळे वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) मागे पडतात, तर तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. मोबाइल अंतर काढतो ते प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या संकेताला लागलेल्या वेळेवरून; आणि उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर, म्हणजे मिरजेहून सांगली गाठून थोडा पुढेच जातो. म्हणून ही घड्याळे उड्डाणापूर्वीच किंचित मंद लावतात. १९७७ मध्ये एका चाचणी-उपग्रहात ही दुरुस्ती सुरुवातीला बंद ठेवली, तेव्हा घड्याळ भाकिताप्रमाणेच पुढे धावले. बांधावर दोन-चार मीटरची चूक होते ती मात्र झाडे आणि वातावरणामुळे. त्याचा बोल आइन्स्टाइनला नको.

– एक ऊस उत्पादक, मिरज (जि. सांगली)