समुपदेशक बदलून हवा असेल तर अर्ज अहवालाआधी करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाच्या ताब्याच्या दाव्यात न्यायालयाने दिलेला समुपदेशक पटला नाही, तर बहुतेक पालक आधी मुकाट सोसतात आणि अहवाल विरोधात गेला की ‘समुपदेशक पक्षपाती आहे’ असा अर्ज देतात. हा अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. चार बैठका निमूट बसलेल्या माणसाला पाचव्या तारखेला अचानक पक्षपात दिसला, हे कोणत्याही न्यायाधीशाला खटकणारच. म्हणून हरकत असेल तर ती अहवाल दाखल होण्यापूर्वी, लेखी आणि थोडक्यात घ्यावी.

आधी समुपदेशकाचे काम काय, ते समजून घ्यायला हवे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४च्या कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे आणि कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्यामुळे ‘समुपदेशक तडजोड करायला सांगतात’ ही तक्रार होऊ शकत नाही. अडचणीचे प्रश्न विचारले, तुटक बोलले, समोरच्याला जास्त वेळ दिला, एवढ्यानेही भागत नाही. पण समेटाची बोलणी वेगळी आणि मुलाशी बोलून त्याच्याविषयी न्यायालयाला अहवाल देणे वेगळे. समेटाच्या बोलण्यांना गोपनीयतेचे संरक्षण असते. मुलाविषयीच्या अहवालाला ते तसेच लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीतील ताब्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे मुलाने समुपदेशकाला सांगितलेले न्यायाधीशांपर्यंत जाऊ शकते. ती मुलाखत कोणी आणि कशी घेतली याला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

टिकणारी कारणे मोजकीच असतात. समुपदेशकाची दुसऱ्या पक्षाशी किंवा त्याच्या वकिलांशी ओळख किंवा नाते असणे. मुलाची मुलाखत एका पालकाच्या समोर घेणे. एकाच घराची पाहणी करून दुसरे घर वगळणे. दोघांचे ऐकण्याआधीच ‘एवढं लहान मूल आईकडेच राहणार’ किंवा ‘मुलगा मोठा झाला, आता वडिलांकडे द्या’ असे मत बोलून दाखवणे. मूल कन्नड किंवा हिंदीच सहज बोलते आणि समुपदेशकाला ती भाषा नीट येत नाही, हेही कारण चालते. त्यात कोणावर आरोप नसल्याने ते लवकर मान्य होण्यासारखे आहे. मूल स्वमग्न असेल किंवा बोलण्यात अडचण असेल, तर समुपदेशक बदलण्यापेक्षा कलम १२ खाली बालमानसतज्ज्ञाचे साहाय्य मागणे अधिक योग्य.

प्रमुख समुपदेशक असलेल्या न्यायालयात आधी त्यांना भेटावे. कामाची वाटणी त्यांना ठाऊक असते आणि साधी अडचण तिथेच सुटू शकते. तिथे सुटली नाही तर मूळ याचिकेतच अर्ज द्यावा. दीड-दोन पाने पुरेत. याचिकेचा क्रमांक, बैठकांच्या तारखा, कोणत्या बैठकीत काय घडले, तेव्हा कोण हजर होते आणि शेवटी मागणी. ‘समुपदेशक पक्षपाती आहेत’ असे न लिहिता ‘अमुक तारखेला मुलाची मुलाखत सुमारे दहा मिनिटे झाली, त्या वेळी जाबदेणार (विरुद्ध पक्ष) खोलीतच होते’ असे लिहावे. विशेषण गाळले की अर्जाचे वजन वाढते. प्रत दुसऱ्या पक्षाला द्यावी, कारण न्यायालय त्यांचे म्हणणे मागवणारच. दोघांची संमती असेल तर संयुक्त पुरशीस (दोघांच्या सहीचे लेखी निवेदन) द्यावी, काम सोपे होते.

चुका होतात त्या पुढच्या तीन. पहिली, मोबाइलवर गुपचूप ध्वनिमुद्रण: ते समुपदेशकाऐवजी तुमच्याविषयीच संशय निर्माण करते. दुसरी, बदलीची मागणी आणि गैरवर्तनाची तक्रार एकाच अर्जात कोंबणे. गैरवर्तनाची तक्रार प्रमुख न्यायाधीशांकडे स्वतंत्रपणे जावी, नाहीतर चौकशी होईपर्यंत बदलीही लटकते. तिसरी सर्वांत वाईट, मुलाला पढवणे. नवा समुपदेशक आला म्हणजे मुलाला तेच सगळे पुन्हा सांगावे लागते, आणि मधल्या काळात पालक त्याला पढवतात. पढवलेल्या मुलाच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये येतात, अनुभवी समुपदेशकाला ती लगेच ओळखू येतात. म्हणून अर्जातच मागावे की, मुलाची मुलाखत पुन्हा घ्यायची झाल्यास ती एकदाच, दोन्ही पालक बाहेर असताना व्हावी.

न्यायालयात एकच समुपदेशक असेल तर बदलून कोण देणार? अशा वेळी न्यायाधीशांनी स्वतः दालनात मुलाशी बोलावे, अशी विनंती करता येते. पालक व पाल्य अधिनियम, १८९०च्या कलम १७ प्रमाणे समज असलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, त्याचा आधार घ्यावा.

अहवाल येऊनच गेला असेल तर बदलीचा हट्ट सोडावा. अहवालाची नक्कल मिळवून त्यावर लेखी हरकत नोंदवावी: कोणती माहिती चुकीची आहे, कोणाशी बोलणेच झाले नाही, शाळेची किंवा डॉक्टरांची कोणती कागदपत्रे पाहिली नाहीत. अहवाल न्यायालयावर बंधनकारक नसतो, तो इतर पुराव्यांबरोबर तोलला जातो. बदलीचा अर्ज फेटाळला गेल्यास तो आदेश अंतरिम स्वरूपाचा असतो आणि कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे अंतरिम आदेशावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो, पण त्यात जाणारा वेळ मुलाच्या शालेय वर्षातून जातो, हे आधीच मोजावे.

यातले बरेचसे पालकांना वकिलाच्या कार्यालयात कळते, तेही उशिरा. त्याच अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, तेव्हा एकट्याने उभ्या राहणाऱ्या पालकाचा विचार व्हायला हवा. प्रत्येक समुपदेशन कक्षाबाहेर मराठीत एक फलक लावावा: समुपदेशक बदलण्याची विनंती कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर आणि कशी करायची, आणि तिच्यावर किती दिवसांत निर्णय होईल. बैठकीची तारीख, वेळ व हजर व्यक्ती यांची नोंद दोन्ही पालकांच्या सहीने ठेवली, तर निम्मे वाद अर्जापर्यंत येणारच नाहीत.

– कौटुंबिक न्यायालयात काम करणारे एक वकील व एक समाजकार्यकर्ती, पुणे