'म्हणाला' कोण आणि सांगितले कोणी?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतले पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरचे लेख मी आवर्जून वाचतो. 'थेलीस म्हणाला, सगळ्याचे मूळ पाणी' अशी वाक्ये त्यांत सरळ छापली जातात. ती आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांचे नाव मात्र क्वचितच असते. ते असायला हवे, यासाठी हे पत्र.

थेलीस या आद्य ग्रीक तत्त्वज्ञाचे लिहिलेले काहीही उरलेले नाही. पाण्याविषयीचे त्याचे मत आपल्याला मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटलकडून कळते, तेही दोनशेहून अधिक वर्षांनी. अन्नात ओलावा असतो हे पाहून थेलीसला असे सुचले असावे, हा तर्क अ‍ॅरिस्टॉटलचा. आणि त्याने तिथे 'बहुधा' असे प्रामाणिकपणे म्हटले आहे. आपल्या लेखांत तो 'बहुधा' गळतो.

अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने पूर्वसूरींची मते विषयवार लावली. पुढे एटियस या संग्राहकानेही तसा संग्रह केला. तो हरवला, पण हर्मान डील्स या जर्मन पंडिताने प्लुटार्कच्या नावावर चालत आलेला एक ग्रंथ आणि स्टोबियस या जुन्या संकलकाने जपलेले उतारे शेजारी ठेवून १८७९ मध्ये तो पुन्हा जुळवला.

नोंद करणाऱ्यांचे हेतूही वेगवेगळे. 'युद्ध हा सर्वांचा पिता' हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसचे प्रसिद्ध वाक्य इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाने उतरवले ते खंडनासाठी: नोएटस या ख्रिस्ती पाखंड्याची शिकवण मुळात हेराक्लिटसचीच, हे त्याला दाखवायचे होते. सिंप्लिसियस मात्र सहाव्या शतकातला, जस्टिनियन बादशहाने ५२९ मध्ये अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद पाडल्यावर काही काळ इराणात आश्रय घेतलेला. अ‍ॅरिस्टॉटलवरच्या भाष्यात त्याने पार्मेनिडीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या काव्यातल्या लांबच लांब ओळी उतरवल्या आणि कारणही सांगितले: हा ग्रंथ आता दुर्मीळ झाला आहे. त्याने हे कष्ट घेतले नसते तर त्या काव्याचा मोठा भाग आज आपल्या हाती नसता. अशा माणसाचा साधा उल्लेखही होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

चार्वाकांवर लिहिताना आपण माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चा हवाला देतोच. मग ग्रीकांबाबत हा आळस का? अवतरण कोणी आणि कोणत्या शतकात नोंदवले, एवढे कंसात द्यायला अर्धी ओळ पुरेल. पुढच्या लेखापासून ती द्यावी, ही विनंती.

— एक नियमित वाचक, सातारा