दाखल झाले तरच उपचार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरी गाठलेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट न घालता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे मोफत उपचार देणारी आयुष्मान भारतची विस्तारित योजना 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली. तिचे मी स्वागतच करते. मात्र हा आधार रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणारी बाई, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी हवेची गादी, दिवसाआड येणारी परिचारिका, हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे.

आमच्या सासूबाईंना 87व्या वर्षी पक्षाघाताचा दुसरा झटका आला. ‘मला नळ्या लावू नका’ असे त्या जेवता जेवता अनेकदा म्हणाल्या होत्या, पण कागदावर काहीच नव्हते, आणि रात्री दोन वाजता ‘व्हेंटिलेटरवर घ्यायचे का?’ असे विचारल्यावर नाही म्हणण्याची हिंमत तीन मुलांपैकी एकालाही झाली नाही. अकराव्या दिवशी त्यांना घरी आणायचे ठरले, तेव्हा ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ या कागदावर माझ्या यजमानांची सही घेतली गेली. नियम म्हणून ते बरोबर असेलही. पण आईला तिच्या खोलीत परत नेणाऱ्या मुलाला त्या एका ओळीने गुन्हेगार ठरवले, ही बोच त्यांना अजून आहे.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी लागण्याची जाचक अट 24 जानेवारी 2023 रोजी शिथिल झाली आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. गोव्यात 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. आपल्याकडे मुंबईतील डॉ. निखिल दातार यांना इच्छापत्रे सांभाळणाऱ्या अभिरक्षकांच्या नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात जावे लागले.

परंतु इच्छापत्र आणि योजना यांची सांगड घातली नाही, तर गरीब घरात एक वेगळाच धोका संभवतो. उपचार थांबवण्याचा निर्णय वृद्धाच्या इच्छेने झाला की पैसे संपल्यामुळे, हे कोण ठरवणार? न्यायालयाने सांगितलेली दोन वैद्यकीय मंडळे रुग्णाची प्रकृती तपासतील, घरची तिजोरी नव्हे. वेदनाशमन आणि घरपोच शुश्रूषेचा खर्च सरकारने उचलला, तरच ‘आता पुरे’ हे शब्द त्या माणसाचे स्वतःचे मानता येतील. अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या बिलात घरी किती दिवसांची सेवा बसते, हे आम्ही त्या आजारपणात अनुभवले आहे. त्यामुळे पैसा नाही, ही सबब मला पटत नाही.

आरोग्य विभागाने घरपोच उपशामक सेवा, म्हणजे वेदना कमी करणारी शुश्रूषा, या योजनेत आणावी आणि प्रत्येक नगरपालिकेच्या दर्शनी फलकावर अभिरक्षकाचे नाव लावावे. माझे स्वतःचे इच्छापत्र नोटरीचा शिक्का घेऊन कपाटात तयार आहे. ते कोणाकडे द्यायचे, हे आमच्या नगरपालिकेत दोन टेबलांवर विचारूनही अद्याप समजलेले नाही.

— एक निवृत्त शिक्षिका