भांडे चिंचेने घासू नका, फोटो स्लायडरने

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांच्या घरच्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे आपण पुरवणीत छापता, हे चांगलेच आहे. पण बंब असो, घंगाळ असो की पानाचा डबा, वस्तू लख्ख आणि फोटो सपाट, असे वारंवार दिसते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. फोटोआधी मोरीत चिंचेने आणि फोटोनंतर मोबाइलवर एडिटिंगच्या स्लायडरने, असे भांडे दोनदा घासले जाते.

तांब्याच्या बंबाचेच घ्या. मधल्या नळीच्या तोंडाशी धुराने काळवंडलेला पट्टा, तोटीभोवती सांध्याला दिलेला, करडा पडलेला डाख, आत पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ. बंबात रोज पाणी तापत होते हे यांवरूनच कळते. चिंच-मिठाने चोळले की आम्लात तांब्याचा काळपट थर विरघळतो आणि खालून गुलाबी, नवा दिसणारा पत्रा वर येतो. शिवाय हा पत्रा आरशासारखा असल्याने त्याचा फोटो काढणे उलट अवघड. तेव्हा मऊ ब्रशने धूळ झाडा, कोरडे सुती फडके फिरवा आणि थांबा. यानंतर उघड्या हातांनी धरू नका. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाचे ठसे चकचकीत तांब्या-पितळेवर काही दिवसांत डाग होऊन उमटतात.

प्रकाशासाठी खिडकी पुरते. मात्र घरातले सगळे दिवे बंद हवेत. ट्यूबलाइटचा रंग एक, खिडकीचा दुसरा, आणि धातू दोन्ही उचलतो. एडिटिंगमध्ये एक सुधारला की दुसरा बिघडतो. उत्तरेची खिडकी उत्तम असे पुस्तकांत असते, पण ती पुस्तके युरोपातल्या सूर्यासाठी लिहिलेली. ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे या दिवसांत ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही येऊ शकते. नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत समोरच्या इमारतीला हिरवी जाळी लागलेली असेल, तर तिचा हिरवा रंगही पितळेत उतरतो. अशा वेळी दुसरी खिडकी शोधा. तो हिरवा भांड्याच्या एकाच बाजूला पडतो, म्हणून संपूर्ण फोटोचा रंग बदलून तो जात नाही.

बंबाच्या गोल पोटात खिडकीच्या ग्रिलच्या उभ्या रेघा दिसतात आणि मधोमध मोबाइल धरलेले आपण. यावर उपाय ट्रेसिंग पेपर. भांड्यापेक्षा दीडपट उंच कागद खिडकी आणि भांडे यांच्या मध्ये, फोटोच्या चौकटीत येणार नाही इतपत भांड्याजवळ ताणून चिकटवा. तो खिडकीच्या काचेला चिकटवला तर उपयोग कमी, कारण प्रकाशाचा स्रोत लहानच राहतो. कागद जवळ आला की पत्र्यावर ग्रिलऐवजी एक रुंद, मऊ पांढरा पट्टा पडतो. दुसऱ्या बाजूला प्रकाश परत फेकायला थर्माकोल ठेवा. मागचा कापडी पडदा फिकट असेल तर भांड्याच्या कडा त्यात विरघळतात. मग काळ्या कार्डशीटच्या दोन पट्ट्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना उभ्या करा. त्यांचे प्रतिबिंब कडेला गडद रेघ ओढते. स्वतःचे प्रतिबिंब घालवायला काळा कपडा अंगावर घ्या आणि मागे सरका. पंखा बंद ठेवा. बंब हलत नाही, पण कागद फडफडतो.

लेन्सपुढे पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला की चकाकी जाते, हा समज धातूला लागू नाही. शिसवी पेटी किंवा काचेची बरणी असेल तर तो कामाचा, उघड्या पितळेच्या थेट चकाकीवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. वीतभर अंतरावरून काढले की भांड्याचे तोंड फुगते आणि बूड निमुळते होते. तीन-चार फूट मागे जाऊन 2x वर काढा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचे छिद्र एफ/8 ते एफ/11, 2 सेकंदांचा टायमर. शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. एक फोटो शेजारी करडे कार्ड आणि मोजपट्टी ठेवून घ्या. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला प्रकाश, पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो; तांब्या-पितळेत लाल चॅनल सर्वांत आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसत असतो आणि इकडे पितळेचा पिवळा सपाट डाग झालेला असतो. म्हणून तिन्ही चॅनल वेगळे पाहा.

डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव वाचता यावे यासाठी फोटो वेगळाच काढावा लागतो. कागद काढून टाका आणि पत्र्याला जवळपास घासून जाईल असा तिरपा, दहा-पंधरा अंशांचा प्रकाश बाजूने द्या. प्रत्येक टिंबाच्या एका काठावर सावली पडते आणि नाव वर येते. समोरून फ्लॅश मारला की तेच नाव नाहीसे होते.

एडिटिंगचा क्रम साधा आहे: करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), मग एक्स्पोजर, हायलाइट खाली, शॅडो थोड्या वर. सॅच्युरेशनला हात लावू नका. क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव) 10-15च्या पुढे गेली की पोचे मळासारखे दिसू लागतात आणि काठांभोवती फिकट वलय येते. हीलिंग ब्रशने फक्त फडक्याने पुसता आली असती ती धूळ काढावी. पोचा, चीर, उडालेली कल्हई जागच्या जागी राहू द्यावी.

आता तीन गोष्टी आपल्या बाजूच्या. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद भाग भरून जातात, तेव्हा छपाईला देण्याआधी शॅडो आणखी उचलाव्यात, नाहीतर बंबाची जाळी काळा गोळा होते. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, अशी एक ओळ आवाहनात छापावी. फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि कोरलेली टिंबे तिथेच पुसली जातात. शिवाय फोटोखालच्या ओळीत वस्तूचा धातू आणि उंची सेंटिमीटरमध्ये आली, तर पाण्याचा तांब्या आणि घागर यांतला फरकही वाचकाला कळेल.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे